चाकाखालचा उजेड

माझ्या हॉलमध्ये पंखा नाही. पंख्याचा हूक आहे, पण त्याला विमान टांगलेलं आहे. जालन्याच्या उन्हाळ्यात कोणी पाहुणा आलाच तर घाम पुसत वर बघतो आणि खुर्ची कूलरकडे सरकवतो. मला त्याचं काही वाटत नाही. पाहुणे हल्ली फारसे येतही नाहीत.

विमान दुपंखी आहे. म्हणजे एकावर एक असे दोन लांब पंख, मधे बांबूच्या काड्यांचे खांब, त्या खांबांमधून तिरप्या ताणलेल्या तारा, मागे शेपटी आणि खाली लहान मुलांच्या सायकलीची दोन चाकं. मी दोन्ही हात पसरले तरी पंखांची टोकं हाताला लागत नाहीत. पंखांवर पांढरी मलमल चढवलेली आहे. ती माझ्या बायकोनं शिवली. अशी बरीच विमानं आम्ही दोघांनी केली आणि मोडली. हे शेवटचं, आणि हे एकदाही जमिनीवरून उठलेलं नव्हतं. ती जाऊन आता दुसरं वर्ष सरत आलंय.

माझी सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका बियाण्यांच्या कंपनीत गेली. बी साफ करायच्या यंत्रावर मी होतो. खालून हवेचा झोत येतो, पोचट बी उडून बाजूला पडतं, भरीव बी राहतं. दिवसभर तो घोंघाट कानात भरून घरी यायचं आणि घरी येऊन पुन्हा हवेबद्दलच वाचायचं, असं माझं चाललेलं असे. निमित्त झालं वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकाचं. पहिल्यावहिल्या विमानांचं पुस्तक. अमेरिकेतले दोन सायकलवाले भाऊ, टेकडीवरून पंख बांधून उड्या मारणारा आणि शेवटी त्यातच मेलेला तो जर्मन, अलाहाबादला टपालाची थैली घेऊन नदीपलीकडे गेलेला फ्रेंच तरुण, असे सगळे त्यात होते. मी ते पुस्तक इतक्या वेळा बदलून आणलं की शेवटी ग्रंथपालानं ते माझ्याकडेच राहू दिलं.

मी स्वतः आजवर विमानात बसलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोकांना ते फार गमतीचं वाटतं. मुलगा पुण्यात असतो, त्यानं तिकीट काढायची तयारी दाखवली होती. मीच नको म्हणालो. बंद डब्यात बसून पापड खात ढगांवरून जायची मला हौस नाही. मला आवडायची ती लाकडाची, कापडाची, तारेची विमानं. मोडली तर ज्यानं केली त्याला दुरुस्त करता यायची. पुस्तक वाचता वाचता लक्षात आलं की यातली प्रत्येक वस्तू जालन्यात मिळते. मग गप्प कसं बसणार?

मलमल घ्यायला कापड बाजारात गेलो. दुकानदार मारवाडी, त्यांच्या कितीतरी पिढ्या इथंच गेलेल्या. कापड कशासाठी ते विचारल्याशिवाय ते गज हातात घेत नाहीत.

"बारसं हाय का घरी?"

"नाही. विमानाला पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मंग रंगीत नका घेऊ," म्हणाले, "रंगाचा कपडा जड राह्यतो. पांढरा बराबर."

घरी बायकोनं कापड हातात घेऊन आधी हसून घेतलं. "विमानाला झबलं शिवायचं व्हय?" मी तिला समजावलं की त्या भावांनी पंखांवर कापड सरळ नव्हे, तिरपं घातलं होतं, म्हणजे पंखाला त्याचाच ताण बसतो. कागदावर आकृती काढली, बाण काढले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "उरेब म्हना की सरळ. ब्लाउजाला लावतो तसं. एवढं काय समजावून राह्यले?" पण त्या दोघा भावांनीही पंखांचं कापड घरच्या शिलाई मशीनवरच शिवलं होतं, हे मात्र तिला भारी वाटलं. बाप्या माणसांनी मशीनवर बसून विमान शिवलं, याचं तिला शेवटपर्यंत कौतुक होतं. त्या दिवसापासून मी तिच्या लेखी वेडा राहिलोच, पण एकटा वेडा राहिलो नाही.

विमान उडवायला आम्ही तिच्या माहेरी जायचो, केदारखेड्याला. मेव्हण्याचं रान सपाट आहे. हरभरा काढून झाला की पाडव्यापर्यंत ते मोकळंच असतं. तिचं बालपण त्याच रानातल्या खळ्यावर गेलं. तेव्हा मळणी यंत्रं नव्हती. वडील तिवईवर उभे राहून टोपल्यातून धान्य उपणायचे, वारा भुसा उडवून न्यायचा. वारा पडला की सगळे हात बांधून बसून राहायचे. हिचं काम एकच, बांधावरच्या लिंबाच्या शेंड्याकडे बघत राहायचं आणि पानं हलली की ओरडायचं, "आलाऽऽ!" तिचा आवाज गावात गेलेल्या माणसालाही ऐकू जायचा म्हणे. खरंच असणार. लग्नानंतरही ती मला स्वयंपाकघरातून हाक मारायची तेव्हा शेजारचे "आलो" म्हणायचे.

पहिल्या विमानाच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून जी चूक केली ती शहरातल्या माणसाला सुचलीही नसती. विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं असतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण रानात उभं राहिल्यावर माझी पावलं आपोआप वाऱ्याला पाठ करून वळली. मीही आष्टीकडच्या शेतकऱ्याचाच पोरगा. खळ्यावर वाऱ्याकडे तोंड करून कोण उभं राहतं? तरी मी तिला म्हणालो की पुस्तकात उलटं आहे. ती म्हणाली, "वाऱ्याकडं तोंड करून उपनलं तं डोळे भरतेत भुशानं. पुस्तकवाल्यानं खळं पाह्यलं व्हतं का?" मलाही ते पटलं. आम्ही विमानाची शेपूट वाऱ्याकडे केली, नाक पलीकडे केलं, मोटार चालू केली. वाऱ्यानं मागून ढकललं, विमान थोडं पळालं आणि नाक मातीत घालून शेपूट वर करून उभं राहिलं.

मेव्हणा बांधावर बसून बघत होता. "दाजी," तो म्हणाला, "विमानाची पेरनी केली काय? कधी उगवंल मंग?"

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला राग आला होता, पण तिला तसं बसून हसताना बघून तोही गेला.

पुढे आमची कामाची पद्धत ठरली. मोटार खेळण्यातल्या विमानांची, संभाजीनगरहून आणलेली, तिला एवढीशी बॅटरी. दुरून चालवायचा रिमोट मी कधी लावला नाही. त्या जुन्या लोकांकडे कुठं होता? मोटार चालू केली की मी खालच्या पंखाचं टोक धरून विमानाबरोबर पळायचं, म्हणजे वाऱ्याच्या झटक्यानं ते एका अंगावर कलंडत नाही. चाकं जमिनीवरून उठली की हात सोडायचा. अडचण एवढीच की पळणाऱ्याला चाकं दिसत नाहीत. मधे पंख येतो. हात लवकर सोडला तर विमान कुशीवर पडतं. उशिरा सोडला तर ते हाताभोवतीच गरकन फिरतं आणि पंख जमिनीला घासतो. दोन्ही तऱ्हांनी आम्ही विमानं मोडून पाहिली होती. म्हणून ती मागे, थोडी बाजूला उकिडवी बसायची, मान तिरपी करून चाकांखाली बघायची. चाकांखालून पलीकडचा उजेड दिसला की ओरडायची, "उठलंऽऽ!" ते कानावर पडलं की माझी बोटं आपोआप उघडायची. मी कधी डोक्यानं हात सोडलाच नाही. तिच्या आवाजानं सोडला.

त्या पुस्तकात भावांच्या पहिल्या उड्डाणाचा फोटो आहे. विमान जमिनीपासून जरासं वर, खालच्या पंखावर एक भाऊ पालथा पडलेला, आणि उजवीकडे दुसरा भाऊ, आत्ताच पंख सोडून थबकलेला. मी कायम पालथ्या पडलेल्याकडे बघायचो. तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. "हे तुमी."

"आणि तू?"

तिनं फोटो नीट पाहिला. फोटो कोणी काढला ते तिनं विचारलं. समुद्रकाठी बुडत्या माणसांना वाचवायची चौकी होती, तिथल्या एकानं खटका दाबला, असं मी सांगितलं.

"मंग मी तो," ती म्हणाली. "म्हंजे मी फोटूत न्हाईच."

आमची विमानं उठायची. कोणतं वीतभर, कोणतं गुडघाभर, एक तर माझ्या छातीइतकं उठलं होतं. पण रानाच्या टोकाचा बांध एकानंही ओलांडला नाही. सगळी अलीकडेच उतरायची किंवा पडायची. "बांध वलांडला की मी पेढे वाटीन," ती म्हणायची, "राजूरचे. गावभर." मेव्हणा म्हणायचा, ताई, या जन्मी तुझे पेढे वाचले.

शेवटच्या विमानाचे पंख तिनं एका पावसाळ्यात शिवले. आधीच्या विमानांपेक्षा शिवण बारीक घातली होती. वरच्या पंखाच्या आतल्या बाजूला तिनं नेहमीसारखी दोरा ओवलेली सुई खोचून ठेवली, रानात कुठं उसवलं तर हाताशी असावी म्हणून. मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी जालन्यात दाखवलं, मग संभाजीनगरला. पुढचं मी लिहीत नाही. पोळ्याच्या आधी ती गेली.

माणसं बसायला येणार म्हणून कोणीतरी हॉल मोकळा केला. विमान जमिनीवरच होतं. छताचा पंखा जळाल्यामुळे दुरुस्तीला गेलेला, हूक रिकामा होता. कोणीतरी स्टूल घेऊन विमान त्याला अडकवलं आणि खाली सतरंज्या घातल्या. दहा दिवस माणसं त्याच्याखाली बसून गेली. नंतर मी ते काढलं नाही. पंखा अजून त्या दुरुस्तीवाल्याकडेच आहे. त्यानं मला दोनदा फोन केला, मग करायचा सोडला.

एकटं राहणं काय असतं ते मला लोकांनी आधी सांगितलं होतं, पण त्यांनी सांगितलेलं एकही खरं निघालं नाही. घर खायला उठतं म्हणतात. माझं घर उठतच नाही, मुळी हलतच नाही. सकाळी जिथं चष्मा ठेवला तिथंच तो संध्याकाळी सापडतो, कारण तो उचलून "इथं कोन ठिवला?" म्हणणारं कोणी नाही. भाजी जास्त होते. टीव्ही लावतो आणि आवाज बंद करतो. कधी दारावर कुरिअरवाला आला की त्याच्याशी गरजेपेक्षा जास्त बोलतो आणि तो गेल्यावर माझाच मला राग येतो. मला तिची फार आठवण येते. हे वाक्य याहून वेगळं लिहिता येत नाही.

ते पुस्तक पुन्हा काढलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. त्या दोघा भावांतला थोरला लवकर गेला, विषमज्वरानं. धाकटा पुढे कितीतरी वर्षं जगला. विमानं पत्र्याची झाली, मोठी झाली, त्यातून बॉम्ब पडले, हे सगळं त्यानं पाहिलं. पण पुस्तकात त्याच्या त्या सगळ्या वर्षांना जेमतेम एक पान दिलंय. आधी ते पान मी भरभर उलटायचो. आता तेच वाचत बसतो.

या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. म्हणाला, "पप्पा, ते विमान मी पुण्याला नेतो. हॉलच्या भिंतीवर काचेची पेटी करून घेतो. तुम्ही कधीतरी उडवायला जाल आणि मोडून ठेवाल. आईच्या हातचं तेवढंच राहिलंय." पाडव्याला येतो आणि घेऊन जातो म्हणाला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. तिच्या बांगड्या, साड्या सुनेकडे, नणंदेकडे गेल्या. हातचं असं ते एकच. उडवलं तर मोडणार, आमची सगळीच मोडली होती. न उडवलं तर ते काचेत जाणार आणि येणारा-जाणारा विचारणार, "उडतं का हो हे?" आणि माझा मुलगा म्हणणार, "माहीत नाही." ते "माहीत नाही" मला सहन होईना. तिनं ते शिवलं ते उडायला शिवलं होतं.

आधी मी रीतसर मार्ग धरला. एका जुन्या विमानाचा नुसता सांगाडा उरला होता, त्यावर पतंगाचा कागद चिकटवला आणि शेजारच्या गृहस्थांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर गेलो. ते बँकेतून निवृत्त झालेत, माणूस सभ्य. त्यांना सगळं समजावलं, कुठं बसायचं, कुठं बघायचं, कधी ओरडायचं. मी पंख धरून पळायला लागलो तर मागून "मस्त! मस्त!" असा आवाज. विमान माझ्या हातातच फिरलं आणि त्याचे तुकडे झाले. मागे वळून बघतो तर हे मोबाईल आडवा धरून उभे. "सगळं आलंय हो व्हिडिओत," म्हणाले, "चाकं तेवढी नाही आली." दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. मग त्यांनीच पोहे आणून दिले.

मेव्हण्याला विचारलं असतं तर तो आला असता. पण तो ओरडता ओरडता रडला असता, आणि मला ते नको होतं. म्हणून मी मुद्दाम भोकरदनच्या बाजाराचा दिवस निवडला. तो बाजाराला जाणार हे माहीत होतं. विमानाचे पंख सुटे केले, तिच्याच जुन्या चादरीत गुंडाळले आणि तिकडे रिकामा जाणारा एक टेम्पो ठरवला.

"काका, मखर हाय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"विमान आहे."

त्यानं मान वळवून मागच्या चादरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग उडत का न्हाई गेले?" आणि स्वतःच हसला. मलाही हसू आलं. राजूरच्या घाटापर्यंत आम्ही दोघं अधूनमधून हसत होतो.

त्यानं मला बांधाशी सोडलं आणि संध्याकाळी घ्यायला येतो म्हणून गेला. रान रिकामं. हरभरा काढून नेलेला, जमिनीत नुसती धसकटं. लांब कुठंतरी मळणी यंत्र चालू होतं. लिंबाचं झाड तिथंच होतं. मी पंख जोडले, तारा ताणल्या, बॅटरी बसवली, आणि या खेपेला विमानाचं नाक वाऱ्याकडेच केलं. मग पंखाचं टोक धरून उभा राहिलो. मागे वळून बघायची सवय होती. वळून बघितलं. तिथं चादर पडली होती.

मोटार चालू करून मी पळालो. या वयात जेवढं पळता येतं तेवढं. वारा तोंडावर, धसकटं पायाला टोचतायत, मोटारीचा आवाज, आणि त्या सगळ्यात माझा कान मागे. मला माहीत होतं की कोणी ओरडणार नाही. कानाला ते माहीत नव्हतं. विमान हलकं होत गेलं, हातातला भार कमी होत गेला, हेही कळलं, पण बोटं उघडेनात. मग जे व्हायचं तेच झालं. विमान माझ्या हाताभोवती गरकन फिरलं, खालच्या पंखाचं टोक धसकटांवरून खरडत गेलं आणि मलमल टर्रकन फाटली. मी गुडघ्यांवर पडलो.

मोटार बंद करून मी तिथंच बसलो. तिची बारीक शिवण बोटभर उसवली होती आणि तिच्यापुढे कापडच फाटलं होतं. मुलगा बरोबर होता. मी तिच्या हातचं एकच राहिलेलं घेऊन आलो आणि फाडून ठेवलं. त्या क्षणी मला तिचा राग आला, हे खोटं कशाला सांगू? माणूस जातं ते जातं, पण मागे राहिलेल्यानं एकट्यानं करता येईल अशी एक तरी पद्धत लावून द्यावी की नाही?

मग सुई आठवली. वरच्या पंखाच्या आत हात घालून चाचपली. होती. दोरा तिनंच ओवलेला, शेवटी तिनं मारलेली गाठ. मला शिवता येत नाही. कंपनीत पोती शिवलेली, तेवढाच अनुभव. मी त्या दोऱ्यानं फाटलेलं कापड ओढून घेतलं आणि पोत्याला घालतात तसे टाके घातले. तिच्या बारीक शिवणीच्या पुढे माझे ते ओबडधोबड टाके बघून मला लाज वाटली, पण कापड ताणलं गेलं.

शिवता शिवता एक विचार आला. पळणारा आणि बघणारा, अशी दोन माणसं पाहिजेत. माणूस एकच आहे. इतकी वर्षं पळून झालं. मग आज बघावं.

ते भाऊ विमान सोडायच्या आधी दोरीनं बांधून ठेवायचे, हे वाचलेलं होतं. मी विमान पहिल्या जागी आणून शेपटीच्या दांडीतून सुतळी ओवली, मोटार चालू केली आणि दोन्ही टोकं हातात घेऊन मागे आलो, ती जिथं बसायची तिथं. उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. पंखाला धरणारं कोणी नाही म्हणजे वारा झटक्यांचा चालणार नव्हता, एकसारखा पाहिजे होता. मी लिंबाच्या शेंड्याकडे बघत राहिलो. मोटार घरघरत होती, सुतळी हाताला ओढत होती. पानं हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. किती वेळ गेला कोण जाणे. मग सगळा शेंडा एका बाजूला वाकला आणि तसाच राहिला.

मी सुतळीचं एक टोक सोडलं.

विमान पळालं. मी मान तिरपी करून खाली बघत होतो, ती बघायची तसं. चाकं धसकटांवरून थडथडत होती, मग थडथड थांबली, आणि चाकांखालून उजेड दिसला. पलीकडच्या बांधाची, पलीकडच्या आभाळाची एक बारीक पांढरी फट, जी रुंद होत गेली. मी हे कधी पाहिलंच नव्हतं. आमचं प्रत्येक विमान उठलं तेव्हा मी पंखामागे मान घालून पळत होतो. ते फक्त तिनं पाहिलं होतं, प्रत्येक वेळी.

"उठलंऽऽ!" मी ओरडलो. होता तेवढा सगळा आवाज काढून ओरडलो.

आणि मग मला विमानाशेजारची ती जागा दिसली, जिथून हात सोडून कोणीतरी धापा टाकत थांबायला पाहिजे होतं. तिथं कोणी नव्हतं. इतकी वर्षं ती इथं बसून काय बघायची ते मला कळलं. चाकं बघायचीच, पण शेजारी पळणारा, पंखाला लटकलेला, तिच्या आवाजाची वाट बघणारा मीही तिला दिसतच असणार. मी मात्र पळताना तिला एकदाही पाहिलं नाही. तिचा नुसता आवाज ऐकला.

विमानानं बांध ओलांडला. चांगलं हातभर वरून गेलं. बॅटरी संपत आली तसं पलीकडच्या गव्हाच्या कापलेल्या रानात उतरलं, दोन उड्या मारल्या आणि उभं राहिलं. मी चालत गेलो, घाई केली नाही. तिची शिवण शाबूत होती. माझे टाकेसुद्धा धरून होते.

संध्याकाळी टेम्पोवाला आला. पंख चादरीत गुंडाळून चढवले. राजूरला मी गाडी थांबवायला सांगितली आणि पेढे घेतले. पुडा मांडीवर घेऊन बसलो. गाव मागे राहिलं होतं, शेजाऱ्यांना द्यायला अजून वेळ होता. म्हणून ड्रायव्हरपुढेच पुडा उघडून धरला.

त्यानं एक पेढा उचलला. "कशाचे काका? नातू झाला का?"

"नाही," मी म्हणालो. "माझे नाहीत. बायकोनं वाटायला सांगितलेत."

"मंग काकूला सांगा, चांगले हायेत," तो म्हणाला आणि आणखी एक घेतला.